मामांना धरायचं काम

आमच्या घरात लग्न मोडण्यापेक्षाही गंभीर मानली जाणारी एकच घटना आहे: मामांनी न जेवता जाणं.

मामा म्हणजे माझ्या वहिनींचे थोरले भाऊ. नात्यानं ते माझे मामा लागत नाहीत, पण घरातले लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. राहणार निलंगा, कर्नाटकच्या सीमेलगत. लग्नाला ते एकटे कधी येत नाहीत. त्यांची स्वतःची जीप आहे आणि ती भरल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे मामा रुसले की एक माणूस जात नाही, एक जीप जाते. आजवर ते कोणकोणत्या लग्नांतून उपाशी गेले, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. एकदा सत्काराचा टॉवेल पातळ निघाला म्हणून. एकदा टोपी कानांवर उतरली म्हणून. चाकूरच्या लग्नात माइकवर त्यांचं नाव व्याह्यांच्या ड्रायव्हरनंतर पुकारलं गेलं म्हणून. (ड्रायव्हरला गाडी काढायची घाई होती, म्हणून त्याला आधी उरकलं. हा खुलासा मामांनी अद्याप स्वीकारलेला नाही.)

अशा परिस्थितीत माझी पुतणी प्रज्ञा हिचं लग्न नांदेडच्या राहुलशी ठरलं. कार्य लातूरला. नवरा-नवरीनं मिळून एक निर्णय घेतला: टॉवेल-टोपी नाही, सत्कार नाही, माइकवर कोणाचं नाव पुकारायचं नाही. वंदना, लग्न, जेवण, संपलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मान डोलावली. वहिनींनी डोलावली नाही.

"माझा दादा माझ्या लेकीच्या लग्नातून उपाशी गेला, तर मी त्या कार्यालयात पाण्याचा घोट घेणार न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आन् तुझी पाठवणी करायला उठणार बी न्हाई. खुर्चीत बसून ऱ्हाईन. तू जा नांदेडला एकटी."

वहिनी बोलतात ते करतात. भाऊ-बहिणीत एवढं साम्य आहे.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा माझ्याकडे आली. "काका, लग्नात मामांना तुम्ही धरायचं."

"धरायचं म्हणजे?"

"म्हणजे रविवारी धरता तसं."

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. मी लातूरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. कार्यक्रमाच्या बातमीच्या शेवटी 'आदींची उपस्थिती होती' असं छापतात. त्या 'आदी'त ज्यांची नावं बुडतात ते सकाळी फोन करतात, आणि तो फोन मी घेतो. प्रज्ञानं हे फोन लहानपणापासून ऐकले आहेत. ती आणि तिचा धाकटा भाऊ सिद्धू रविवारी दुपारी ऑनलाइन गेम खेळतात. त्यात एक गट असतो आणि समोर गुहेतला एक अवाढव्य राक्षस असतो. गटाला टँक लागतो. टँक म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारा. त्यानं राक्षसाला डिवचायचं, त्याचं सगळं लक्ष स्वतःवर ओढून घ्यायचं आणि ते धरून ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांना मागून निवांत वार करता येतात. हे काम कोणालाच नको असतं. जिंकलं तर नाव वार करणाऱ्याचं होतं, हरलं तर 'टँकनं धरलं नाही' असं म्हणतात. "काका, तुम्हाला सवय आहे," असं म्हणून प्रज्ञानं मला गटात घेतलं होतं. ती स्वतः हीलर, म्हणजे टँकच्या जखमा भरून त्याला जिवंत ठेवणारी. सिद्धू वार करणारा. वार करणाऱ्याला एकच शिस्त असते: टँकनं राक्षस पक्का धरेपर्यंत हात आवरायचा. सिद्धूला ती आजवर जमलेली नाही.

बेत साधा होता. राक्षसाचं तोंड आपल्या माणसांकडे वळू द्यायचं नाही, हा खेळातला पहिला नियम. तेव्हा मामांना स्टेजकडे पाठ करून बसवायचं, बोलण्यात गुंतवायचं आणि सत्काराची वेळ गेली हे त्यांच्या ध्यानात येण्याआधी जेवायला न्यायचं. सिद्धूला माइकपासून लांब राहायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी काय लहान आहे का?" प्रज्ञानं त्याला तेच पुन्हा एकदा सांगितलं.

लग्नाच्या दिवशी जीप वेळेवर आली. मी पुढे होऊन मामांना जय भीम घातला आणि कूलरजवळच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या पाठीशी स्टेज, समोर गाडीतळ. त्यांनी थोडा वेळ मोटारसायकली पाहिल्या.

"पाव्हणे, लगीन मागं स्टेजवर लागणार आन् माझं तोंड गाड्यांकडं?"

"इथं वारा चांगला लागतो, मामा."

"वारा लागतोय. पोरगी दिसंना."

पहिला वार टँकनं करायचा असतो. मी केला. "मामा, यंदा सोयाबीन तुम्ही फार लवकर विकून टाकलं म्हणे. लोक म्हणतात, घाई केली."

मामा खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "कोन लोक?"

"असेच."

"असेच म्हंजे? नाव सांगा."

"सूत्रांची नावं सांगता येत नाहीत, मामा."

यानंतर मला काही करावं लागलं नाही. मामा बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. सोयाबीन, अडत, पाऊस, पेपरवाले, पुन्हा सोयाबीन, पुन्हा पेपरवाले. लांबून वहिनी पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. वंदना सुरू झाली तेव्हा मामा उठून स्टेजकडे वळले आणि हात जोडून शांत उभे राहिले. वंदनेच्या वेळी ते कोणावरही चिडत नाहीत. (असा अवकाश गेममध्ये मिळत नाही.) लग्न लागलं. फुलांच्या पाकळ्या उडाल्या. मामांनीही उधळल्या, डोळे पुसले आणि पुन्हा खुर्चीत बसून, माझ्याकडे वळून म्हणाले, "तर सोयाबीनचं..."

मी मनातल्या मनात जिंकलो. नेमक्या त्याच क्षणी स्पीकर खरखरला.

"सगळ्यांना जय भीम," सिद्धूचा आवाज आला. "एक सूचना आहे. या लग्नात टॉवेल-टोपी ठेवलेली नाही. कोणाचाही सत्कार होणार नाही. लहानमोठा कोणी नाही, सगळे सारखे. तरी सगळ्यांनी जेवूनच जावं."

वास्तविक हे कोणी विचारलं नव्हतं. जेवणाच्या रांगेतल्या निम्म्या लोकांच्या ध्यानातही आलं नसतं. सिद्धूचं नंतरचं म्हणणं असं की, पारदर्शकता असावी.

मामा उभे राहिले. सोयाबीन संपलं होतं. त्यांनी आधी सिद्धूकडे पाहिलं, मग माइककडे, मग दाराकडे. "सगळे सारखे," ते हळू म्हणाले. "बरं. चला रे. गाडी काढा."

हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून जीप उठू लागली. कोणी हातातली प्लेट खाली ठेवली, कोणी चप्पल शोधू लागलं. तिकडे वहिनी खुर्चीत बसल्या, आणि ज्या पद्धतीनं बसल्या त्यावरून त्या उठणार नाहीत हे स्पष्ट झालं.

संकटात टँक हीलरकडे पाहतो. मी स्टेजकडे पाहिलं. हीलर पांढऱ्या साडीत, हार घालून उभी होती. तिनं मला काहीतरी खुणावण्यासाठी हात वर केला. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हात खाली. स्माइल."

राक्षसाचं लक्ष सुटून दुसऱ्यावर गेलं, तर टँकजवळ एकच उपाय उरतो. समोर जायचं आणि असं काही तरी करायचं की त्याला दुसरं काही दिसूच नये. मी धावत जाऊन मामांच्या आणि दाराच्या मधे उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. शेजारी जेवणाचं टेबल होतं, त्यावर पातेलं होतं, पातेल्यावर चिठ्ठी होती: निलंगा राईस. आमच्या भागात हा तिखट, मसालेदार भात माहीत नसलेला माणूस नाही, आणि तो कोणत्या गावचा हे त्याच्या नावातच आहे.

"मामा, जाताय तर जा," मी म्हणालो. "पण खरा निलंगा राईस आता लातूरलाच मिळतो. निलंग्यात तो राहिला नाही."

स्पीकरवरचं गाणं चालू असावं. मला तरी ऐकू आलं नाही.

माझा अंदाज होता की मामा एकटे वळतील. पण अख्खी जीप वळली. चप्पल शोधणारे चप्पल सोडून आले. सगळ्यांत पुढे एक आजी होत्या. त्या माझ्याकडे बोट दाखवून कन्नडमध्ये बराच वेळ बोलल्या. मला कन्नड येत नाही. अर्थ कळला.

"काय म्हनलात?" मामांनी विचारलं.

"निलंग्यात राहिला नाही, म्हणालो."

"तुम्ही खाल्लाय का कधी निलंग्यात?"

"खाल्लाय. म्हणून तर बोलतोय."

मामांनी हळूहळू बाह्या वर केल्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा टेबलाजवळ खुर्ची ओढत होते. "आन ताट," ते वाढप्याला म्हणाले. "ह्यांना सगळ्यांसमोर दाखवतो ह्यो राईस काय लायकीचा हाय ते. आन् पाव्हणे, तुम्ही हितंच थांबा. माझ्या समोर. हलायचं न्हाई."

मी थांबलो. टँकनं जागा सोडायची नसते.

मामांनी पहिला घास घेतला. सगळी जीप त्यांच्या जबड्याकडे पाहत होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

"गप ऱ्हावा. एका घासात कळतंय व्हय?"

पहिली वाढ संपली तेव्हा ते म्हणाले, हा वरचा भात झाला, भात खरा तळाशी कळतो, तळाचा आणा. तळाचा आणला. मग म्हणाले, भज्याशिवाय अंदाज येत नाही. भजी आली. "बेकार," त्यांनी निकाल दिला आणि ताट पुन्हा पुढे केलं. जीपमधल्या माणसांनी निकालाची खात्री करून घेण्यासाठी आपापली ताटं मागवली. आजींनी कन्नडमध्ये बेकार म्हणून दोनदा घेतला.

मधेच एका वाढप्यानं माझ्या हातात ताट द्यायचा प्रयत्न केला. मामांनी त्याला अडवलं. "ह्यांना नगं. ज्याला चव न्हाई त्याला ताट कशाला? त्यांनी बघावं."

वहिनी खुर्चीतून उठल्या. आधी लांबून पाहिलं, मग जवळ आल्या. "दादा, वाढू अजून?"

"वाढ, बाई. पेपरवाल्यांना दाखवायचं हाय."

वहिनींनी स्वतःच्या हातानं वाढलं, मग स्वतःही तिथंच जेवल्या. माझ्याकडे पाहून डोळे भरून आले त्यांचे. त्या भरल्या डोळ्यांना माझ्या हातात ताट नाही हे दिसलं नसावं. पाठवणी रीतसर झाली. गाडीत बसता बसता प्रज्ञा म्हणाली, "काका, काय धरलंत! पण तुम्ही काही..." तिला काय विचारायचं होतं ते नांदेडच्या गाडीबरोबर गेलं. मामांची जीपही गेली. जाताना मामांनी अण्णांना मिठी मारली आणि माझ्याकडे खिडकीतून, वळण येईपर्यंत, रोखून पाहिलं.

मग मी जेवायला गेलो. पातेली घासायला गेली होती. निलंगा राईसचं पातेलं सर्वांत आधी गेलं होतं, कारण त्यात काही उरलंच नव्हतं. मला एक पापड मिळाला.

घरी येताना बायकोनं, सुनंदानं, स्कूटरवर मागून विचारलं, "जेवण छान होतं, नाही?"

"आमचं काय," मी म्हणालो. "आम्हाला कोण विचारतंय."

"हो ना," ती म्हणाली. "जिलेबी तर मस्तच."

मी रुसलो. घरापर्यंत रुसलेला होतो. घरी पोचल्यावरही थोडा वेळ रुसून पाहिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, तेव्हा पोहे केले आणि खाल्ले.

सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज कडक होता. "तू माझ्या लेकीच्या लग्नातून न जेवता गेलास?"

"कोण म्हणालं?"

"मामा. सकाळपासून ज्याला त्याला फोन करून सांगतायत. म्हणे लग्न झकास झालं, राईस बेकार होता, आणि तुमचा भाऊ घासालाही शिवला नाही. मी म्हटलं, मामा, एवढ्या गर्दीत तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, माझं त्यांच्यावर सारखं लक्ष होतं."

"अण्णा, ताट त्यांनीच..."

"ते मला सांगू नकोस. ते तुझ्यासमोर ताट पुसून जेवले आणि तू तसाच गेलास. अपमान झालाय त्यांचा. रुसायची ही रीत आपल्या घरात एकट्या मामांची होती. तू कधीपासून सुरू केलीस?"

आता सिद्धूचं लग्न ठरत आहे. घरातल्या ग्रुपवर कामांची वाटणी झाली. मी न जेवता जाऊ नये म्हणून मला धरायला एक माणूस नेमण्यात आला आहे. ते काम मामांनी स्वतः मागून घेतलं. बसायची जागाही त्यांनीच ठरवली आहे: कूलरजवळ, तोंड गाडीतळाकडे.