नव्या आवृत्तीची एक ओळ

बार्शीटाकळीच्या आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते. तिथे सगळ्या मशीनवर लिनक्सची जुनी आवृत्ती आहे. एकदा एका मशीनवर काहीच इन्स्टॉल होईना. प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, 'आधी ते आणा' म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. अकोल्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून टाका."

"काहून? बिघाड काय आहे, ते तरी समजलं का तुमाले?"

तो हसला. माझं डोकंच फिरलं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि कुठलं पॅकेज कुठून आलं, ते स्वतः तपासत बसले. दुपार त्यातच गेली. पॅकेजं कुठून आणायची, त्या यादीत लिनक्सच्या नव्या आवृत्तीची एक ओळ होती. अर्धं सामान जुनं, अर्धं नवं, मग जुळणार कसं? ती ओळ काढली, नवी पॅकेजं एकेक करून जुन्या आवृत्तीवर आणली. मशीन पुन्हा मुकाट चालायला लागलं.

ती ओळ उन्हाळ्यात मीच टाकली होती, एका नव्या प्रोग्रामच्या हौसेपायी. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ती लिहिली आणि खाली ठसठशीत सही केली.

"मीच बिघडवलं होतं, अन् मीच निस्तरलं. आता तुमी बिघडवा. फॉरमॅट कोणी मारायचं नाही."