बदला खुर्च्या

"बदला खुर्च्या," असं म्हणून सर बाजूला व्हायचे आणि चष्मा कपाळावर सरकवायचे. चष्मा वर गेला की समजायचं, आता आपली काही धडगत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत आमच्या कॉलेजात संध्याकाळी बी.ए. ऑनर्सचा वर्ग भरायचा. नीतिशास्त्र, न्याय आणि जगाचे प्रश्न, असले विषय. मी एका कंपनीत टायपिस्ट होते. बाकीचे बहुतेक पहिली शिफ्ट संपवून हातांना ग्रीसचा वास घेऊन येणारे. हे शिकून मिळणार काय, असं विचारून घरच्यांनी आमचं डोकं खाल्लं होतं. पण तुम्ही सरांच्या तासाला एकदा बसून बघायला हवं होतं.

फळ्यापुढे समोरासमोर दोन खुर्च्या. परदेशातल्या दुष्काळाशी भोसरीतल्या माणसाचा काय संबंध, असं काहीतरी सर विचारायचे. एकानं 'आहे' म्हणून भांडायचं, दुसऱ्यानं 'नाही' म्हणून. भांडण ऐन रंगात आलं की खुर्च्या बदलायच्या, आणि ज्याला आत्तापर्यंत खोडून काढलं त्याचीच बाजू मांडायची. अहो, घाम फुटायचा. समोरच्याच्या खुर्चीत नीट बसल्याशिवाय त्याला चूक म्हणायचं नाही, हा सरांचा नियम. स्वतःचं मत मात्र कधी सांगायचे नाहीत. विचारलंच तर म्हणायचे, "माझं मत परीक्षेला येत नाही."

कुरुळीचा सोपान यात सगळ्यांचा बाप. शेतकऱ्याघरचा, भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. मालकाच्या बाजूनं असा काही बोलायचा की आम्हाला कामगारांचाच राग यावा. सरांचा त्याच्यावर फार जीव होता.

मग त्याच्याच कारखान्यात संप झाला. कारखान्याचे मालक तेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पिंपळे सौदागरला सर राहायचे ते घरही त्यांचंच, बिनभाड्याचं. घरात सर आणि त्यांची पोलिओ झालेली मुलगी, दोघंच. अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं. कामगार तुम्हाला मानतात, संप चूक आहे एवढं वर्गात सांगा, नाहीतर नोकरी आणि घर दोन्ही सोडा, असं तोंडावर सांगितलं. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी एवढंच दिसलं की अध्यक्ष शेवटच्या बाकावर बसलेत आणि सरांचा चष्मा काही केल्या वर जात नाही.

सोपान उठला. "सर, आज खुर्च्या राहू द्या. आमचा संप बरुबर हाय का चूक? तुमाला काय वाटतं त्ये सांगा."

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "चूक आहे."

आता म्हणतील, बदला खुर्च्या, म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. तास संपला. मला रडूही येत होतं आणि सरांचा संतापही.

सर चूक म्हणाले म्हटल्यावर संपातली माणसं ढिली पडली आणि एकेक करून कामावर गेली. सोपानला मात्र काढून टाकलं. तो वर्गातही पुन्हा आला नाही. सर शिकवत राहिले, पण शिपायाला सांगून त्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या आणि पुस्तकातून वाचून दाखवायला लागले. पुढची सगळी वर्षं तेच.

आजारी पडल्यावर त्यांनी मला सोपानला घेऊन यायला सांगितलं. येत न्हाई म्हणाला, आणि माझ्याआधी चपला घालून तयार. सर भिंतीला धरून आपल्या वेताच्या खुर्चीतून उठले.

"बस इथं," ते म्हणाले. "इथून सांग, मी काय बोलायला हवं होतं?"

सोपान बसला. त्या खुर्चीतून थेट आतली खोली दिसायची. सरांची मुलगी पायांचे पट्टे सोडून खाटेवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि हसली.

"मला न्हाई सांगता येत, सर."

सरांनी नुसती मान हलवली. चष्मा डोळ्यांवरच होता.

महिनाभरात सर गेले. संस्थेचा माणूस घराची किल्ली मागायला आला, त्याच दिवशी सोपान टेम्पो घेऊन हजर झाला. सामानाकडे त्यानं बघितलंही नाही. आत गेला, मुलीला उचलून आणलं आणि पुढच्या सीटवर नीट बसवलं.

"चला ताई," तो म्हणाला, "घरी आई वाट बघतीया."