दुसरी सिरिंज

आमच्या जिल्ह्यात दारू कुणीच पीत नाही, हे मला ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स झाल्यावर कळलं.

येरमाळ्याच्या आमच्या दवाखान्यात भूल द्यायला येणारे डॉक्टर प्रत्येक पेशंटला दोनदा विचारतात, "किती घेता?" एकदा घरच्यांसमोर, मग घरच्यांना बाहेर काढून. पिणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं आणि जास्त दिलं की रक्तदाब घसरतो, म्हणून त्यांना खरं उत्तर हवं असतं. ते कधी मिळत नाही.

ईट गावच्या एका हर्नियावाल्यानं तर दोन्ही वेळा येडेश्वरीची शपथ घेतली. डॉक्टर "वा, छान" म्हणाले आणि प्रोपोफॉलची दुसरी सिरिंज भरून ठेवली. ते दुधासारखं पांढरं औषध नेहमीइतकं गेलं, तरी गडी आपल्या ट्रॅक्टरचं कौतुक सांगतच होता. डॉक्टरांनी मॉनिटरवरची नजर न हलवता, ट्रॅक्टरची आदरानं चौकशी करत, दुसरी सिरिंज हळूहळू दिली.

बाहेर त्याच्या बायकोनं डॉक्टरांना गाठलं. "ह्यांचा आवाज लई येळ येत हुता. खरं सांगा, पितेत का हे?"

"माझ्याच औषधात दम नव्हता, ताई."

शुद्धीवर आलेल्या नवऱ्यानं उपकार स्मरून हेच गावभर सांगितलं.

परवा ईटचाच एक पेशंट आला. त्याच्या मुलानं डॉक्टरांनाच विचारलं, "ते कच्च्या औषधाचे डॉक्टर तर न्हायत न्हवं आज?"

"त्यांना काढलं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि पेशंटकडे वळले. "बोला काका, किती घेता?"

काकांनी गळ्यातल्या देवीच्या कवड्यांच्या माळेला हात लावला. कुणी न सांगताच मी दुसरी सिरिंज काढली.