लाभार्थी : शून्य

माझी आत्या कपडे दुरुस्त करते. नवं काही शिवत नाही. "नवं कुणीही शिवेल, जुनं अंगाला पुन्हा बसवून दाखवा," असं ती म्हणते, आणि म्हणताना तिच्या तोंडात चार टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे समोरचा वाद घालायला धजत नाही. चेन बदलायची, पँट आखूड करायची, बापाचा कोट मुलाच्या मापाचा करायचा, ही तिची कामं. दुकान दहा बाय बारा. त्यात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, एक आरसा आणि आत्याचा स्वभाव. जास्त जागा स्वभावालाच लागते.

रविवारी दुपारी ती नाटक करते. अकरा वर्षं झाली. बसच्या जुन्या वर्कशॉपचं कँटीन बंद पडलं, तेव्हा तिथल्या वॉचमनची पँट फुकट आखूड करून देऊन तिने किल्ली मिळवली. पुढे पालिकेने रीतसर परवानगीही दिली. लांबट खोली, भिंतींना तळणाचा जुना वास, एका टोकाला जेवण वाढायची खिडकी. पात्रं त्या खिडकीतूनच प्रवेश करतात, कारण विंगेला दुसरी जागा नाही. नाटक आत्याच लिहिते, बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूवर. गटात एकोणीस माणसं. त्यात निवृत्त मीटर रीडर आहेत, त्यांना सगळे मीटरकाका म्हणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाई आहेत, बाजारातला हमाल आहे, रोज चाळीस बस धुणारा एक जण आहे.

मी त्यांच्यात नव्हते. मी विम्याच्या कचेरीत काम करते, एकटी राहते आणि दुपारचा डबा आत्याच्या दुकानात खाते. "कुणीतरी प्रेक्षकांत बसायला हवं ना," असं सांगून मी नेहमी सुटका करून घ्यायचे.

यंदा पालिकेचं पत्र आलं. यापुढे कँटीनची खोली फक्त अनुदान मिळालेल्या गटांनाच वापरता येईल, बाकीच्यांनी ती रिकामी करावी. अनुदान देणार सरकारचा कला विभाग, 'समाजासाठी कला' नावाच्या योजनेतून. म्हणजे अनुदान नाही, तर खोली नाही. आत्याने पत्र दोनदा वाचलं आणि मला हाक मारली. फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

फॉर्म चौदा पानांचा होता. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. मी वाचत होते, ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. आठ प्रश्न सुरळीत गेले.

"प्रश्न नऊ. प्रकल्पाच्या लाभार्थ्यांची संख्या."

"म्हणजे?"

"म्हणजे याचा फायदा किती जणांना होणार."

"बघायला येतील त्यांना. ते किती येतील, मी आत्ताच कसं सांगू?"

"ते नाही गं. आपले लोक. एकोणीस."

अस्तर उसवणारा हात थांबला. "आपले लोक लाभार्थी?"

"फॉर्मची भाषा आहे, आत्या."

"पुढे काय लिहिलंय?"

मी जरा भीतभीतच वाचलं. "लाभार्थ्यांच्या वंचिततेचा प्रकार. एकाकी, बेरोजगार, वृद्ध, मानसिक ताणाखालील, इतर. लागू असेल तिथे खूण करा."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मीटरकाकांपुढे काय खूण करणारेस? वृद्ध? एकाकी? अगं, मागच्या वर्षी ते न्यायाधीश म्हणून आत आले, तेव्हा पहिल्या रांगेतला खराखुरा वकील सवयीने उठून उभा राहिला होता!"

"मला माहितेय. मी शेजारीच बसले होते."

"मग? कलाकार किती, असं विचारलंय का कुठे?"

मी चौदा पानं उलटसुलट करून पाहिली. खुर्च्या किती, ते विचारलं होतं. पंखे किती, ते विचारलं होतं. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत कधी संपते, तेही विचारलं होतं. कलाकार विचारले नव्हते.

"मग लिही," आत्या म्हणाली. "लाभार्थी, शून्य."

मी कागदावर शून्य लिहिलं. शेवटच्या दिवशी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर अर्ज चढवायला बसले, तेव्हा साडेचार वाजले होते. मुदत पाचची. शून्य टाकल्याबरोबर चौकट लाल झाली. 'कृपया योग्य संख्या भरा.' पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. आत्याला फोन केला असता तर तिने काय सांगितलं असतं, ते मला पाठ होतं. म्हणून मी फोन केलाच नाही.

आठ वर्षं मी हेच काम करते. गेलेल्या माणसाच्या बायकोने कुठल्या रकान्यात काय लिहिलं की तिचे हेलपाटे वाचतात, हे मला डोळे मिटून सांगता येतं. शब्दांत काय आहे, काम झाल्याशी मतलब, असं मी त्या सगळ्याजणींना सांगत आलेय. मी एकोणीस लिहिलं. 'इतर' निवडलं तर दोनशे शब्दांत खुलासा द्यायचा होता. 'एकाकी'वर नुसती टिचकी पुरत होती. मी एकोणीस वेळा टिचकी मारली, चहा प्यायले आणि आत्याला कळवलं, "गेला अर्ज."

दीड महिन्याने, एका रविवारी, कला विभागातून एक बाई तपासणीला आल्या. खांद्याला दोन पिशव्या, हातात फाईल, चेहऱ्यावर उन्हातून चालत आल्याचा थकवा. वागायला अगदी सौम्य. उद्धट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. नव्या नाटकाची तालीम चालू होती. राजाची खुर्ची हरवते म्हणून तो साऱ्या नगराला उभं राहायची शिक्षा देतो, असं ते नाटक. नेहमीप्रमाणे पोशाखही घातले होते. मी आत्याने बोलावलं म्हणून दाराशी उभी होते.

बाई मीटरकाकांच्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, इथे यायला लागण्याआधी तुम्हाला फार एकटं वाटायचं का?"

"एकटं?" राजाच्या झग्यातले मीटरकाका चक्रावले. "अहो, चौतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचलेत. पाठीमागे घरमालक, पुढ्यात त्याचं कुत्रं. एकटं वाटायला उसंत कुठे होती?"

"मग आता काही त्रास?"

"आहे ना. ही राणी माझी तीन वाक्यं मध्येच खाते."

"दोन!" स्वयंपाकघरातल्या बाई खिडकीतून ओरडल्या. राणी त्याच होत्या.

तपासणीच्या बाई हसल्या. मग फाईल उघडून जरा गोंधळून म्हणाल्या, "पण अर्जात तर असं आहे... लाभार्थी एकोणीस. सर्व एकाकी."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. एवढ्यावरून तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ती बाईंच्या हातून फाईल ओढून घेणार. तिने तसं काही केलं नाही. तिचा आवाज मात्र इतका खाली गेला की मला भीती वाटली.

"पुढे काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"सगळ्यांच्या सह्या लागतील या तक्त्यावर. मग बहुधा मंजूर होईल."

"तुमचं तुम्ही ठरवा," आत्या सगळ्यांना म्हणाली. "खोली सगळ्यांची आहे."

तक्त्यात तीन रकाने होते. नाव, वंचिततेचा प्रकार, सही. आता या गटाची एक रीत आहे. दर रविवारी पोशाख वाटताना आत्या एक कागद फिरवते, त्यातही तीन रकाने असतात. नाव, पात्र, सही. कुणाकडे काय गेलं, ते कळावं म्हणून. मीटरकाकांचा चष्मा राजाच्या डोळ्यांवर शोभत नाही म्हणून काढून ठेवलेला होता. तक्ता पहिल्यांदा त्यांच्याकडे गेला. त्यांनी अकरा वर्षांच्या सवयीने नाव लिहिलं, पुढे 'राजा' लिहिलं, झोकदार सही केली आणि कागद राणीकडे दिला.

राणीला मात्र चष्मा नव्हता, कारण गरजच नव्हती. तिने वरची अक्षरं वाचली. ओठ हलवत, सावकाश वाचली. मग मीटरकाकांनी काय लिहिलंय, ते पाहिलं. मग पेन घेतलं आणि आपल्या नावापुढे स्पष्ट अक्षरांत लिहिलं, 'राणी'.

कागद पुढे गेला. हमालाने 'घोडा, पुढचे पाय' लिहिलं. बस धुणाऱ्याने 'घोडा, मागचे पाय' लिहिलं. पुढे प्रधान, हेर, दवंडीवाला, दोन चोर. वंचिततेच्या रकान्यात अख्खा दरबार भरला. मीटरकाका मध्येच विचारत होते, "काय झालं? हसताय का?" कुणी त्यांना सांगितलं नाही.

"अहो, हे असं चालत नाही," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "मला हा कागद असाच पुढे पाठवावा लागेल."

"पाठवा," राणी म्हणाली.

सगळे गेल्यावर आत्या खुर्च्या रचत होती. मी मदतीला गेले, तर तिने माझ्या हातून खुर्ची काढून घेतली.

"पाच शब्द होते. 'एकाकी'च का?"

"'इतर'ला दोनशे शब्द..."

"खरं सांग."

खरं मलाही तेव्हाच कळलं. "तो एकच शब्द मला ओळखीचा वाटला," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

आत्याने खुर्ची खाली ठेवली. जवळ मात्र घेतलं नाही. "मग स्वतःच्या नावापुढे लिहायचा. माझ्या माणसांच्या नाही," ती म्हणाली. ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

तीन आठवड्यांनी विभागाचं पत्र आलं. 'तक्ता सदोष. पंधरा दिवसांत दुरुस्त तक्ता सादर केल्यास अनुदान देण्याबाबत अनुकूल विचार होईल.' म्हणजे पुन्हा एकदा सह्या, रकान्यात एक शब्द, आणि खोली आपली. आत्याने ते पत्र रविवारी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली. "कुणी सही केली तर मी तोंड वाकडं करणार नाही. मी बाहेर थांबते." आणि ती खरंच बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. अकरा वर्षांची खोली होती, आणि ती आत्ता, या क्षणी, जाऊ शकत होती.

बाहेर आली ती राणी. "आमच्या घरी एक खोली आणि सहा माणसं," ती आत्याला म्हणाली. "मोठ्याने बोलायला मला जगात हीच एक जागा आहे. इथेच गप्प कशी बसू? तसं आत बोलले, सगळ्यांना पटलं. नाही करायची सही."

मागून हमाल आला. बाजारात माल उतरवायची शेड सोमवारी रिकामी असते, वर पत्रा आहे, त्याने विचारून ठेवलंय. खिडकी नाही, पण हातगाड्या आडव्या लावल्या की विंग होईल. आत्याने नाक पुसलं आणि त्याला झापलं, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने किल्ली पालिकेत नेऊन दिली. पावती मागून घेतली. मग दुपारी मला दुकानात बसवलं आणि विभागाला द्यायचं उत्तर सांगू लागली. मी टाइप करत होते.

"'आमचा तक्ता सदोष नाही. प्रत्येक जण काय आहे, ते त्यात बरोबर लिहिलेलं आहे. चूक प्रश्न नऊमध्ये आहे. तिथे शून्य हवं होतं. एकोणीस हा आकडा माझ्या भाचीने भरला.'"

माझी बोटं थांबली.

"लिही. भरलास ना? 'ती तेव्हा आमच्या गटात नव्हती. आता आम्ही विसावी म्हणून तिला घेतलंय, भूमिका मोठी आहे. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी बाजाराच्या शेडमध्ये प्रयोग आहे. आपण यावं. तिचं काम बघावं. आणि मग तिच्या तोंडावर तिला लाभार्थी म्हणून दाखवावं.'"