भाऊजींचा टाका काढायचा नाही

ओंकार, तू भाऊजींचा टाका काढून टाकणार आहेस, असं मला आज नातीकडून कळलं. जरा तरी लाज वाटली का रे?

नमस्कार वगैरे नंतर. तुम्ही प्रोग्रामवाले जिथे चर्चा करता, ते पान नातीने मला उघडून दिलंय.

आज सतीशभाऊजींना जाऊन वर्ष झालं. माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत मुलुंडला आमच्यातच राहिले. कॉम्प्युटरची नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर तेच काम फुकट करायला लागले. मी म्हणायचे, पगार होता तेव्हा एवढे राबला नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. चुका सापडतील. काढत बसू नका.

भाऊजींना लाल आणि हिरवा वेगळा दिसायचा नाही.

घरात कुणाला पत्ता नव्हता. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांना हिरवा चुडा आणायला पाठवलं, तर हे चॉकलेटी बांगड्या घेऊन आले. छान कागदात बांधून. सगळा मांडव हसला. सासूबाई म्हणाल्या, "नवरीला काय मातीच्या रंगाचा चुडा भरायचा?"

भाऊजी हसले नाहीत. मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, हा हिरवा नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढे मी त्यांच्या कपड्यांना आतून टाके घालायला लागले. हिरव्या शर्टाच्या कॉलरला एक टाका, लाल नाहीतर चॉकलेटी असेल तर दोन. बोटाने चाचपायचं आणि घालायचं. कुणाला सांगायचं नाही.

आता असा माणूस रिटायर झाल्यावर काय करेल?

रंगकाम!

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना स्क्रीनवर सगळं एकसारखं दिसलं की वाचायला त्रास होतो म्हणे. म्हणून शब्द रंगवून दाखवणारी एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरमधली. आमचे भाऊजी ती बनवत बसले.

मी कोळंबी सोलत होते. म्हटलं, "तुम्हाला टोमॅटो पिकलाय की कच्चा ते कळत नाही, आणि जगाला रंग लावताय?"

"म्हणून तर मी रंग लावतच नाही वहिनी. एक जण नुसतं वाचतो आणि प्रत्येक शब्दाला चिठ्ठी लावतो. हा आकडा, हे नाव, ही टीप. मग दुसरा येतो. तो चिठ्ठी बघून कपडे चढवतो. वेबसाईटवर एक कपडे, छापायचं असेल तर दुसरे."

"दुसरा कोण?"

"त्याला एन्कोडर म्हणतात."

"दोन दोन माणसं कशाला पगारावर? पहिल्यालाच सांगा की रंग लावायला."

"पहिल्याने लाल लावला की माझ्यासारख्याचा कारभार आटोपला. कपडे ज्याचे त्याने ठरवायचे."

ओंकार, तू तेव्हा आमच्याकडे येऊन माझे घावणे खायचास आणि भाऊजींशी वाद घालायचास. "काका, वेबसाईट आणि टर्मिनल, दोन प्रकार बस झाले. उगाच कशाला वाढवायचं?"

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, मला माहिती आहे.

भाऊजी म्हणायचे, "तिसरा कोण येईल ते मला माहीत नाही रे. म्हणून दार ठेवतोय. त्याने फक्त एवढं सांगायचं, शब्दाच्या आधी काय घालू आणि नंतर काय घालू. बाकी आपण बघू."

पहिल्यांदा चालवलं तेव्हा वाट लागली. चिठ्ठी ओळखीची नसली की शब्दच गायब. अर्धं पान कोरं. भाऊजी दोन दिवस धड जेवले नाहीत. मग त्यांनी ठरवलं, चिठ्ठी ओळखू आली नाही तर शब्द साधाच दिसू दे, पण दिसला पाहिजे.

आणि त्या दारातून पहिला आत आला तो त्यांनीच बनवलेला एन्कोडर. त्यात रंग नाहीत. नावाखाली एक रेघ, आकड्याखाली दोन, टिपेखाली तुटक.

नाव ठेवलं टाका.

मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "शिवण वाकडी आलीय."

म्हणाले, "शिकवणारीची पण वाकडीच होती."

भाऊजींच्या मागे लायब्ररी तुझ्या हातात आली, आणि आता तू इथे लिहितोस की टाका कुणी वापरत नाही, सांभाळायला माणूस नाही, ज्याला हवा तो बाहेरून जोडून घेईल, दार आहेच ना.

अरे पण जोडणारा कोण? जोडणारा गेला ना.

आणि भाऊजी काय म्हणायचे ते तू विसरलास, मी नाही. टाका म्हणजे मापाचं ब्लाऊज. ते समोर असलं की नवा शिंपीसुद्धा दुसरं बेतू शकतो. तेच काढून घेतलंस तर येणारा नुसत्या दाराकडे बघून काय शिवणार?

मी रडून मागत नाही. रडायची मला सवय नाही.

फक्त एक सांगते. त्या दिवशी भाऊजींना शेवटचे कपडे घालायचे होते. पुतण्या कपाटापुढे उभा राहून विचारत होता, "काकू, कुठला शर्ट?" मला रंग चांगले दिसतात. समोर हिरवा लटकत होता, त्यांच्या आवडीचा. तरी मी हात घालून कॉलर चाचपली.

एक टाका. म्हटलं, हाच.

भाऊजी, जिथे असाल तिथे बांगड्या आणायला तेवढं कुणी पाठवू नये तुम्हाला. या वहिनीचा नमस्कार घ्या.

बाकीच्यांनी इथे फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकू नका. नातीनेही मध्ये बोलायचं नाही.

टाका राहणार की जाणार, ते ओंकारने लिहायचं. इथेच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने.