टीबीचा कोर्स संपला तेव्हा

आमच्या घरात कोर्स संपला की आजार संपतो. आईची टीबीची शेवटची गोळी पोटात गेली आणि मामानं तिला थेट नारायणगडावर नेलं, नवस फेडला, पेढे वाटले. हृदयाच्या डॉक्टरला मात्र कुणी कळवलं नाही. देवाला कळवलं ना, मग झालं.

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला जन्मभराची. टीबीच्या औषधानं यकृतातले एन्झाइम असे काही पेटतात, की ही दुसरी गोळी ते भराभरा मोडून टाकतात. म्हणून डॉक्टरनं तिचा डोस वाढवला होता आणि बजावलं होतं, कोर्स संपला की लगेच या. कारण मग दोन-तीन आठवड्यांत एन्झाइम थंडावतात आणि वाढीव गोळी रक्तात साचत जाते.

आई नेकनूरला मामाजवळ राहते. मी बीडला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. एका सकाळी तिचा फोन आला, दात घासताना रक्त येतंय म्हणून. तेवढ्यात मामानं फोन घेऊन स्पीकरवर टाकला. मामाला पंचायतीपासून पित्तापर्यंत सगळं कळतं.

"उष्णता हाय. टीबीच्या गोळ्या लई गरम. गुलकंद चालू केलाय."

"आणि रक्ताची गोळी?"

"ती हाय की चालू. लागू पडलेली गोळी कमी करायची न्हाई."

"बरं," म्हणालो. क्लासला उशीर होत होता.

आठ दिवसांत तिच्या दंडावर काळेनिळे डाग उठले, शौचातून रक्त पडायला लागलं. तेव्हा कुठं तिला बीडला आणलं. तपासणीचा कागद बघून डॉक्टर माझ्यावरच उखडला. "थोडक्यात वाचल्या. सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

मी मामाकडे बघितलं, मामानं छताकडे. त्याला शिव्या घालायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण मामा दहावी नापास. आणि मी? औषधं यकृतात कशी मोडतात हे पोरांकडून घोकून घेणारा शहाणा. फळ्यावरचं यकृत मला तोंडपाठ, आईचं आठवलं नाही. थू असल्या शिकण्यावर.

आई पडल्या पडल्या डॉक्टरला म्हणाली, "त्याला कशाला बोलता साहेब? लई शिकलेला हाय तो. त्यानं बरं म्हनलं, म्हनून तर मी गोळी घेत राह्यले."