नवमीला बंद केलेली तीन यंत्रं

शोधायचं यंत्र बसवलं, आणि शोधायची वेळ आली तेव्हा कोणी शोधलं नाही. समोर दिसली ती बाई धरली. ती बाई माझी सून. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. एवढं लिहायला तेवढं पुरतं.

सून रिसोडातल्या एका खाजगी दवाखान्यात संगणकाचं काम बघते. दवाखाना मोठा आहे. तपासणी, एक्स-रे, रक्ताची लॅब, औषधाचं दुकान, सगळं एका छताखाली. टेबलागणिक संगणक. माझा मुलगा पुसदला नोकरीला आहे, शनिवारी येतो. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच.

दुसऱ्या कुठल्या गावात चोरांनी बाहेरच्या बाहेरून एका दवाखान्याचे संगणक बंद पाडले, हे मोठ्या डॉक्टरांच्या कानावर आलं आणि त्यांनी धसका घेतला. सुनेला बोलावून म्हणाले, आपल्याकडे कोण येतं, काय करतं, कळलं पाहिजे. ती म्हणाली, कळेल, पण तीन यंत्रं लागतील. मॅनेजर तिथेच बसला होता. मॅनेजर म्हणजे डॉक्टरांचा साळा. तो म्हणाला, जुनी पडली आहेत ती घ्या. आणि जोडाजोडी घरी करा, इथे जागा नाही.

तर ऐन उन्हाळ्यात तीन जुनी यंत्रं आमच्या घरी आली आणि माझी तुरीची कोठी खोलीतून बाहेर गेली. यंत्रं तापायची, म्हणून माझा टेबलपंखाही तिकडे गेला. मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची आणि शिव्या घालायची.

"हे करते काय?" मी एक दिवस विचारलं.

"आई, समजा गावात तीन कोतवाल आहेत..."

"कोतवाल नको. सरळ सांग."

मग तिनं सरळ सांगितलं. संगणकावर कोणी काही केलं, की त्याची एक ओळ आपोआप लिहिली जाते. कोण आलं, किती वाजता आलं, काय उघडलं, काय पुसलं. पण ती ओळ त्याच संगणकाच्या पोटात राहते. दवाखाना भरून संगणक, प्रत्येकात जाऊन कोण बघणार? म्हणून सगळ्यांच्या ओळी ह्या तिघांकडे आणायच्या. एक शब्द टाकला की हवी ती ओळ वर आली पाहिजे. तीन अशासाठी, की एक बंद पडलं तरी दोघं काम ओढतात. दोन बंद पडली तर उरलेलं एकटं काही लिहून घेत नाही. ह्या तिघांच्या मेळाला ती क्लस्टर म्हणायची.

"अन् तिन्ही बंद पडली त?"

"तिन्ही कशी बंद पडतील? कोणी मुद्दाम केल्याशिवाय?"

पहिले बरेच दिवस त्या यंत्रांना एकमेकांची ओळखच पटेना. रोज तेच. ती पडद्यावर काहीतरी लिहायची, लाल अक्षरं यायची, ती पुसून पुन्हा लिहायची. वीज गेली की सगळं मुळापासून. तिला जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसला. एक दिवस ती आतून ओरडली, "आई, भेटले!" मला वाटलं कोण पाहुणे आले. तिन्ही यंत्रं एकमेकांना सापडली होती. मी म्हटलं, "भेटले असतील त आता माझा पंखा दे."

ती यंत्रं दवाखान्यात जिन्याखालच्या खोलीत बसवली. लॅबपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्या संगणकांच्या ओळी तिथे येऊ लागल्या. रिपोर्टांची दुसरी प्रत ठेवायला तिनं एक वेगळी डिस्क मागितली होती. मॅनेजर म्हणाला, दिवाळीनंतर बघू. लॅबच्या संगणकात जागा संपत आली आहे, हेही तिनं सांगितलं. त्यावरही दिवाळीनंतर.

मग दसरा आला. आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. विळे, कुदळी, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याचं जे असेल ते. धुवायचं, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. ज्याची त्याची रीत आहे, मी नाव ठेवत नाही. दवाखान्यात तपासणीची यंत्रं आणि संगणक पुजतात. आमचं घर बौद्ध. आम्ही दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जातो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी जाते आहे. नवमीला पहाटेच निघावं लागतं, नाहीतर वाशीमपुढे एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

निघायच्या आधी सुनेनं मॅनेजरला तोंडानं सांगितलं, "सर, पूजा करा, हार घाला, पण ही तीन बंद करू नका." वर दारावर कागदही लावला: ही यंत्रं बंद करू नयेत. मॅनेजर म्हणाला, "बिनधास्त जा."

आम्ही नागपूरला गेलो. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून सुनेनं तिचा फोन बंद करून माझ्या पिशवीत टाकला. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तो फोन. परत एसटीत बसेपर्यंत तो बाहेर निघाला नाही.

परत आलो त्या सकाळी ती तशीच कामावर गेली. मी पाठ टेकली आणि दुपारी माझ्या साखरेचा रिपोर्ट आणायला गेले. सणाच्या आधी रक्त दिलं होतं. लॅबसमोर ही लांब रांग. खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, रिपोर्ट नाही. रक्त परत द्या."

"काहून? पहिलं सांडलं काय?"

"सणाच्या आधीचे सगळेच रिपोर्ट गेले."

माझ्या पुढे शिरपूरची एक बाई होती, हातावर काळानिळा डाग घेऊन उभी. तिची नस सापडत नव्हती. ती म्हणाली, "मायबाई, यायले रक्त नाई लागत, विहीरच लागते." लोक हसले. मीही हसले. मग आतून मॅनेजर आला आणि रांगेसमोर उभा राहून म्हणाला, "आमचा दोष नाही. आमच्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमनं पुसून ठेवले. साऱ्या किल्ल्या त्यायच्याजवळ. यायले आपली पूजा चालत नाही ना, त्याचा राग काढला."

तो मला ओळखत नव्हता. माझी सून त्याच्या मागे दारात उभी होती. तिचं तोंड मी पाहिलं आणि माझ्या डोक्याची शीर तडकली.

"कोनाले बोलून राह्यला रे तू?" मी म्हटलं.

"आजी, तुमी लाईनीत राहा."

"लाईन गेली खड्ड्यात. ती माझी सून होय. अन् पूजा न चालनारी मीबी होय. चाल, डॉक्टरापाशी चाल."

सून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मी बघितलंच नाही.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर काय झालं होतं ते कळलं. सून सकाळी पोचली तेव्हा जिन्याखालची तिन्ही यंत्रं थंड पडली होती. वायरी भिंतीतून उपटलेल्या, मधल्या यंत्रावर नारळ, आणि दारावरच्या तिच्या कागदावर कुंकवाचं बोट. नवमीला मॅनेजरनं वॉचमनकडून खोली उघडवून सगळं बंद केलं होतं. सुनेनं ती चालू केली. ती काही शोधायला बसणार तेवढ्यात लॅबमधून बोंब उठली, आणि मॅनेजरनं सगळ्यात आधी तिचा पासवर्ड बंद करवला. तिला तिच्याच यंत्रात शिरता येईना.

"नवमीची नोंदच नाही," मॅनेजर डॉक्टरांना म्हणाला. "तिन्ही बंद होते. यायले माहीत होतं आपण पूजेले बंद करतो. तोच मौका साधला. मोबाईलवरूनही करता येते हे."

"मोबाईल माझ्या पिशवीत होता. बंद," मी म्हटलं.

"घरच्याची साक्ष कोन धरते, आजी?"

"मंग माझी धरू नको. यंत्राची धर. शोधाले बसवलं ना ते? त शोध ना! उन्हाळाभर माझा पंखा खाल्ला त्यानं. आता काय शोभेले ठेवता काय?"

डॉक्टर सुनेकडे वळले. "पण नवमीचं काही सापडेल का? यंत्रं तर बंद होती."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ही तीन बंद होती, साहेब. लॅबचा कॉम्प्युटर बंद नव्हता. ह्या तिघांचं दार लागलेलं असलं की बाकीचे आपल्या ओळी धरून बसतात. दार उघडलं की पाठवतात, आणि ओळीवर वेळ तीच, जेव्हाची तेव्हा. सकाळी मी चालू केल्यावर सगळ्या आल्या असतील. कोणी बघितलंच नाही."

"मग बघा."

"मी हात लावत नाही. तुम्हीच टाका. मी सांगते."

तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. शाळेत शिक्षा झाल्यावर उभं करतात तशी ती उभी राहिली, आणि डॉक्टर आपल्या पासवर्डनं आत शिरून बोटानं एक एक अक्षर दाबत राहिले. लॅबच्या संगणकाचं नाव. नवमीचा दिवस. पुसलं, ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द. मॅनेजर खिशात मोबाईल शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता.

ओळी वर आल्या. डॉक्टरांनी चष्मा पुढे ओढला. रिपोर्टांचा सगळा गठ्ठा पुसला होता, नवमीला दुपारी, पूजा आटोपल्यावर. पुसणाऱ्याचं नाव मॅनेजरचं. त्याखालच्याच ओळीत त्याच नावानं एक मोठा व्हिडिओ त्या संगणकात टाकलेला. व्हिडिओचं नाव होतं, नव्या गाडीची पूजा.

मी डॉक्टरांना ते दोनदा वाचायला लावलं.

म्हणजे ज्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही म्हणून सुनेची तीन यंत्रं ह्यानं उपटली, त्याच दिवशी फुलं वाहिलेल्या संगणकापुढे बसून स्वतःच्या गाडीचा व्हिडिओ भरला. जागा पुरली नाही, तर लोकांचं रक्त पुसलं. डिस्क मागितली तेव्हा दिवाळीनंतर.

"मले वाटलं जुने असतीन," मॅनेजर म्हणाला.

"बरं, झालं ते झालं," डॉक्टर म्हणाले. आणि सुनेला म्हणाले, "तुम्हीही सुटीवर जाताना नीट सांगून जात जा."

मला आजही वाटतं, त्या घडीला टेबलावरचा पेपरवेट उचलायला हवा होता.

"सांगून गेलती ती," मी म्हटलं. "दारावर लिहून गेलती. त्यावर यानं कुंकू लावलं. आता यानं बाहेर याव अन् त्याच लाईनीसमोर सांगाव, मी पुसले म्हनून. इल्जाम बाहेर लावला, मंग माफी आत कायची?"

"आजी, बीपी वाढेल तुमचं," डॉक्टर म्हणाले.

"ते तुमच्याकडून मोजून नाई घेत मी आता. मोजसान अन् पुसून टाकसान."

मॅनेजर जागचा हलला नाही. मग मीच बाहेर गेले आणि रांगेला सांगितलं. रिपोर्ट कोणी पुसले, कधी पुसले, कशासाठी पुसले. गाडीचंही सांगितलं. शिरपूरची बाई म्हणाली, "म्हंजे माह्या हातात दोनदा सुई टोचली ती यायच्या गाडीपायी?" मी म्हटलं, व्हय.

संध्याकाळी ऑटोत सून बाहेर तोंड करून बसली. घर आल्यावर म्हणाली, "आई, मला उद्या तिथंच जायचं आहे."

"त जा. मान वर करून जा."

"तुम्ही ओरडून घरी आलात. मला त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचं आहे."

तिचं खरं होतं, त्याचाही मला राग आला.

नोकरी राहिली. तिचा पासवर्ड परत दिला, डिस्कही आली, दिवाळीच्या आधी. माफी आली नाही. एक दिवस मॅनेजरनं तिला गोड बोलून सांगितलं, माझा कॉम्प्युटर त्या नोंदीतून वगळा. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं तर वगळते. तो डॉक्टरांना विचारायला गेला नाही.

पुढच्या दसऱ्याला ती म्हणाली, "आई, ह्या वर्षी तुम्ही दोघं जा नागपूरला. मी थांबते. दारात कोणी नसलं की हे पुन्हा बंद करतील. वॉचमनकडे दुसरी किल्ली आहे."

मी पेटले. पूजा त्यांची, चूक त्यांची, आणि नागपूर हिचं बुडणार! म्हटलं, तू जायचं. मुलगा मध्ये पडला, "आई, जाऊ दे ना, एक वर्षाचा तर प्रश्न आहे." त्याला म्हटलं, तू गप बस आणि बायकोला घेऊन जा. खोलीची किल्ली कमरेला लावून जा म्हणावं तिला. दार मी बघते.

नवमीला सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले आणि जिन्याखालच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसले. आतून घरघर ऐकू येत होती, उन्हाळाभर माझ्या घरात ऐकू येत होती तीच. दुपारी मॅनेजर ताट घेऊन आला, मागे वॉचमन.

"आजी, बाजूले सरा. पूजा करायची आहे."

"दाराची करा."

"आतल्या यंत्राची आहे."

"ते काम करून राह्यले. तुमचं चालू द्या."

वॉचमन खाली बघून हसला. मॅनेजर डॉक्टरांच्या खोलीकडे गेला आणि तसाच परत आला. त्यानं दाराला कुंकू लावलं, माझ्या डोक्यावरून हात नेऊन कडीत फूल खोवलं आणि गेला. दवाखाना बंद होईपर्यंत मी उठले नाही.

सून परत आली. पायातली चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हटलं.

काही होऊ नये, एवढ्यासाठी माझं नागपूर गेलं. ह्या साली मॅनेजरनं दारात बसावं, मी जाणार आहे.